माझ्या सासऱ्यांचं चालू खातं

पैसा कमावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, उडवणारी त्याहून जास्त पाहिली. पण बँकेच्या चालू खात्यात नेमके किती रुपये ठेवावेत या एकाच प्रश्नावर ज्याने आयुष्याची बारा-पंधरा वर्षं घालवली, असा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. प्रश्न तसा साधा. चालू खात्यावर व्याज नाही, पण पाहिजे त्या दिवशी पैसे हातात. मुदत ठेवीवर व्याज आहे, पण मुदत संपेपर्यंत पैशाला शिवायचं नाही. शहाणा माणूस पाच मिनिटांत ठरवतो, थोडे इकडे, थोडे तिकडे, आणि घरी जाऊन जेवतो. आमचे मामा, म्हणजे हे सासरे, त्या ‘थोडे’वर अडले. थोडे म्हणजे किती? हे त्यांना कोणी सांगावं असं त्यांना फार वाटे, आणि कोणी सांगितलं की ते लगेच म्हणत, “ते तुमचं झालं. माझं काय?”

मुरबाडच्या अलीकडे दोन कोसांवर त्यांचं गाव. भाताची थोडी जमीन आणि बाकी सगळा गवताचा धंदा. दिवाळी झाली की माळरानं मक्त्याने घ्यायची, गवत कापायचं, दाबून गठ्ठे करायचे आणि गाड्या भरून शहापूरच्या बाजूला स्टेशनवर नेऊन मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. मुंबईचे तबेलेवाले रोख देत नसत, चेक पाठवत. त्या चेकांपायी मामांना शहापूरच्या आमच्या बँकेत खातं उघडावं लागलं. बँक म्हणजे ठाण्याच्या एका लहानशा पेढीची दोन खोल्यांची शाखा. बाहेरच्या खोलीत मी आणि शिपाई, आतल्या खोलीत मॅनेजर. आणि मामांच्या गावाच्या आणि आमच्या बँकेच्या मध्ये काळू नदी. पावसाळ्यात ती भरली की गाडी पार होत नसे, म्हणजे चार महिने मामा इकडे आणि मामांचे पैसे तिकडे. त्यामुळे ज्येष्ठ लागला की त्यांची झोप उडे. घरात किती ठेवायचे, चालू खात्यात किती, याचा खल ते घरातून निघाल्यापासून सुरू करत.

खल एकट्याने करायचा नाही हा त्यांचा नियम. वाटेत होडीवाला भेटला, त्याला विचार. किन्हवलीला चहाला थांबले, हॉटेलवाल्याला विचार. पण आपल्या पैशाचा आकडा जगाला कळू नये याचीही काळजी, म्हणून ते रुपयाला पेंढी म्हणत. “शहापुरात नव्या सातशे पेंढ्या आल्यात रं. पाचशे ठेवू का सगळ्या ठेवू?” ही गुप्त भाषा मुरबाडपासून शहापूरपर्यंत लहान पोरालासुद्धा येत होती. येत नव्हती ती फक्त किन्हवलीजवळच्या एका गाडीवानाला. तो बिचारा बैलांसाठी चाळीस पेंढ्या स्वस्तात मिळतात म्हणून गाडी जुंपून थेट आमच्या बँकेच्या दारात आला. आमच्या मॅनेजरांनी त्याला खुर्ची दिली, त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू गवत मीच कपाटात लपवलंय. मामांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, “बघा, म्हंजे कोणाला कळत नाय ते खरं.”

आकडा ठरवायची त्यांची रीत मात्र अजब होती. पंचांगाच्या पाठच्या कोऱ्या पानावर त्यांनी संकटांची यादी केली होती. एक बैल मेला, इतके रुपये. गवताला आग लागली, इतके. गाडीचा आस मोडला, इतके. कोर्टाची तारीख, पोरांची दुखणी, वाघाने म्हैस नेली, पाहुणा येऊन महिनाभर राहिला. शेवटी बेरीज, आणि ती बेरीज चालू खात्यात. मी एकदा म्हटलं, अहो, ही सगळी संकटं एकदम थोडीच येणार आहेत? झालं! त्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी ते काउंटरवरून हलले नाहीत. कुठली दोन संकटं एकत्र येतील आणि कुठली नाहीत, याचा त्यांनी माझ्याकडून उलगडा करून घेतला. “बैल मेला आणि पाहुणा आला, हे एकदम होणार नाय. बैल मेल्याचं कळलं की पाहुणा येतच नाय. मंग यातला एक आकडा खोडा.” खोडला. दुसऱ्या आठवड्यात परत आले. “खोडलेला घाला. सासुरवाडीचा पाहुणा असला तर तो समाचाराला म्हनून येईल आणि ऱ्हाईल.” सासूबाई एकदा चुलीपुढून म्हणाल्या, “सगळ्या जगाची पीडा लिवली, यात मी कुठं हाय?” मामा पंचांगातून मान वर न काढता म्हणाले, “तू संकट नाय गो. तू रोजचा खर्च.”

काउंटरवर त्यांचं काम बघण्यासारखं असे. सही करायला त्यांना पाऊण मिनिट लागे, पण मग चेक माझ्या हाती द्यायला अर्धा तास. चेक पुढे करत, मी हात लावला की मागे घेत, ओसरीवर जाऊन उभे राहत, रस्त्याकडे बघत, परत येत. “पन्नास नको. चाळीस करा.” नवा चेक. मग पुन्हा ओसरी. एका चेकबुकातली निम्मी पानं अशी रद्द झालेली मी पाहिली आहेत. आणि इतकं होऊन ते जे चाळीस काढत, त्यातले पंधरा रुपये दिवस मावळायच्या आत परत भरून जात, कारण “निघताना कमी वाटत होते, आता जास्त वाटतात.” माझा संताप होई, हसूही येई, आणि ते आले नाहीत तर तो मंगळवार मला सुना जाई, हेही खरं.

अशा मंगळवारांतून माझं लग्न जमलं. माणसाने जावई शोधताना घर बघावं, शेती बघावी, शिक्षण बघावं. मामांनी माझा सात बघितला. मी सात आणि एक यांत कधी गफलत होऊ देत नाही, हे त्यांनी दोन वर्षं चेकांवर डोळा ठेवून हेरलं, आणि एक दिवस माझ्या वडिलांकडे नारळ घेऊन गेले. वडिलांना म्हणाले, “पोराचा आकडा सरळ हाय. आमाला आणिक काय पाहिजे?”

आता यादीतल्या शेवटच्या ओळीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेवटची ओळ संकटाची नव्हती. ती वाचताना मामांचा आवाज खाली यायचा. ‘माळ – अठराशे.’ त्यांच्या गावाला लागून चाळीस एकरांचा एक गवती माळ होता. वीस वर्षं मामा तो मक्त्याने घेत होते. धंद्यातलं निम्मं गवत, आणि तेही उत्तम, त्याच माळाचं. मालक कल्याणचे एक म्हातारे वकील, फार लहरी. मामा दर अक्षय्य तृतीयेला आंब्याची करंडी घेऊन त्यांच्याकडे जात आणि विचारत, “साहेब, माळ देता का?” वकील म्हणत, “बघू.” असे सात-आठ ‘बघू’ झाले होते. मामांचं गणित एवढंच, की म्हातारा ज्या दिवशी हो म्हणेल त्या दिवशी पैसे त्याच्या हातावर पडले पाहिजेत. “रात गेली की त्याचं मन फिरंल.” म्हणून गवतातून आणा-पैसा वाचवून जमवलेले ते अठराशे रुपये वर्षानुवर्षं चालू खात्यात बिनव्याजी पडून होते. त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणात हाच एक ठाम शहाणपणाचा निर्णय होता, आणि नेमका तोच मला वेडेपणा वाटला.

वाटणारच! मी बँकेतला माणूस. साडेतीन टक्क्यांनी वर्षाला त्रेसष्ट रुपये बुडतात, हे मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं. माझा पगार तेव्हा महिना बावीस. त्यातून आमचे मॅनेजर रोज ऐकवत की शाखेत मुदत ठेवी नाहीत, वरून साहेब विचारतात, जो ठेवी आणील त्याच्या पगाराचं बघू. मी दोन वर्षं मामांच्या कानीकपाळी ओरडलो. कागदावर व्याज मांडून दाखवलं. ते कागद नीट घडी करून खिशात ठेवत आणि म्हणत, “आकडा बरोबर हाय. पन म्हातारा उद्या हो म्हनला तर?” मी म्हणे, सात वर्षं म्हणाला नाही, तो उद्या बरा म्हणेल!

लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. दिवाळसणाला जावई म्हणून मी गेलो. आमच्याकडे त्या सणाला जावयाला विचारायची पद्धत आहे; जावयाने काही मागायचं, थोडं रुसायचं, आणि सासऱ्याने नाही म्हणायचं नाही. भाऊबंद जमले होते, मी पाटावर बसलो होतो, पुढ्यातलं ताट भरलेलं. मामांनी विचारलं, “बोला जावईबापू. काय पाहिजे? सायकल? आंगठी?” बायकोने आधीच अंगठीवर पैज लावली होती. आणि मी शहाण्याने, चारचौघांत, घासाला हात न लावता म्हटलं, “मला काही नको. त्या अठराशांची तीन वर्षांची मुदत ठेव करा, एवढंच मागणं.” सगळे वाहवा करू लागले, काय निर्लोभी जावई मिळाला म्हणून! मामा मात्र उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने परत आले, हात धुतले, माझ्या समोर बसले आणि म्हणाले, “दिली. आता जेवा.” मी पोटभर जेवलो. त्यांनी त्या दिवशी काय खाल्लं ते मी पाहिलं नाही.

ठेव झाली. मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली. अक्षय्य तृतीयेला करंडी गेली, ‘बघू’ आलं. मी मनात म्हटलं, बघा, म्हटलं नव्हतं मी?

आणि आषाढात, ऐन पुरात, कल्याणहून मामांना कार्ड आलं. वकिलांचं त्यांच्या पुतण्यांशी फाटलं होतं. ‘पुतणे रविवारी येत आहेत. त्यापूर्वी माळ विकून मोकळा होतो. शनिवार संध्याकाळपर्यंत पूर्ण रक्कम आणल्यास माळ तुमचा.’ कार्ड मिळालं गुरुवारी. होडीवाल्याने काळूत होडी घालायला साफ नकार दिला, तेव्हा मामांनी त्याच्या घरी रात्र काढली आणि शुक्रवारी पाणी वीतभर ओसरल्यावर त्याच्या हातापाया पडून पार झाले. पुढचं सगळं अंतर चिखल तुडवत पायी. शनिवारी सकाळी मॅनेजरांच्या खोलीतून बाहेर येऊन मी लोकांसाठी दार उघडतोय, तर ओसरीवर मामा बसलेले. घोंगडीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. दहा वर्षांनी लहान दिसत होते. मला बघून उभे राहिले आणि लाजल्यासारखे म्हणाले, “जावईबापू, म्हातारा हो म्हनला.”

आता मी जे सांगतो ते नीट ऐका. मुदत ठेवीची पावती तारण ठेवून त्याच दिवशी उचल देता येत होती. पावती बँकेतच होती, फॉर्म माझ्या डाव्या हाताच्या खणात होते, आणि हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. फक्त मॅनेजरांची सही हवी होती. मॅनेजर दहा पावलांवर आतल्या खोलीत होते, पण त्या दिवशी त्यांच्यासमोर ठाण्याहून तपासणीला आलेले साहेब बसले होते, आणि थोड्याच वेळापूर्वी मॅनेजरांनी मला आत बोलावून माझीच ओळख करून दिली होती: “यांनी सासऱ्यांची ठेव आणली. असे कारकून हवेत.” साहेबांनी मान डोलावली होती. पगारवाढ समोर दिसत होती. आणि आता मी आत जाऊन काय म्हणू? तीच ठेव, तोच सासरा, आठ महिन्यांत पैसे परत पाहिजेत म्हणून? मी म्हणालो, “मामा, मुदत संपेपर्यंत काही करता येत नाही. नियम आहे.”

त्यांनी एकदाच विचारलं, “कायच नाय?”

मी म्हणालो, “काहीच नाही.”

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं हो! आरडाओरडा ऐकून मॅनेजर बाहेर आले असते आणि सगळं निस्तरलं असतं. पण ते म्हणाले, “नियम म्हंजे नियम. तुमी तरी काय करनार.” मग संकटांच्या यादीचे चालू खात्यात पडलेले तीनशे रुपये मागितले. चेक लिहिला आणि पहिल्यांदाच, मागे न घेता, ओसरीवर न जाता, माझ्या हातात दिला. तेवढे घेऊन स्टेशन गाठून कल्याणला गेले. वकिलांनी बयाणा घ्यायला नकार दिला. म्हणाले, पूर्ण रक्कम म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पैसे मोजले आणि माळ गेला. इकडे मामा बँकेतून निघाल्यावर थोड्या वेळाने मॅनेजर बाहेर आले होते. “तुमचे सासरे आले होते ना? काही काम?” मी म्हणालो, “काही नाही साहेब. सहज आले होते.”

पुढे लढाई पेटली. लष्कराच्या जनावरांना गवत कमी पडू लागलं आणि भाव कुठल्या कुठे गेले. माळाच्या नव्या मालकाने मामांना मक्ता दिला नाही. आपली माणसं आणली आणि तीन हंगामांत माळाची किंमत वसूल केली. मामा उरलेल्या लहानसहान तुकड्यांवरचं गवत कापत राहिले. मंगळवारी येत, पण संकटांचा हिशेब घालत नसत. मी विचारी, “किती ठेवू चालू खात्यात?” तर म्हणत, “ठेवा तुमी सांगाल तेवढे.” हे ऐकायला मी कधी काळी किती झुरलो होतो! तीन वर्षांनी ठेव पिकली. एकशे एकोणनव्वद रुपये व्याज आलं. मामांनी ते वेगळं मागून घेतलं आणि पुढच्या फेरीला माझ्या बोटात अंगठी घातली. “दिवाळसणाचं ऱ्हायलं होतं. तुमच्याच अकलेचे पैसे हायत.” टोमणा असता तर मी सुखाने सहन केला असता. टोमणा नव्हता.

पण माझी खरी शिक्षा निराळी आहे. मामांनी त्या शनिवारची गोष्ट लोकांना सांगायला सुरुवात केली. रडगाणं म्हणून नव्हे, कौतुकाने. होडीत, लग्नाच्या मांडवात, मुरबाडच्या बाजारात, कोणी जावयाचा विषय काढला रे काढला की झालंच! “आमचा जावई बघा. सख्खा सासरा पान्यात भिजून दारात उभा, आयुष्याचा सौदा अडलेला. दुसरा असता तर मागल्या दारानं पैसे काढून दिले असते. यानं नियम मोडला नाय. माळ गेला तर गेला, मानूस सच्चा मिळाला.” लोक माझ्याकडे आदराने बघत. माझी बायको पदर सावरून आणखी ताठ बसे. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत असे. त्यांनी आपल्या मनाची समजूत अशी घालून घेतली होती, की माळाच्या बदल्यात आपल्याला काहीतरी मिळालं आहे. आणि जे मिळालं म्हणत होते ते तर कधी नव्हतंच.

स्वातंत्र्य येण्याच्या आदल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी रजा काढून गेलो तो ठरवूनच, की सांगून टाकायचं. दोन दिवस संधी शोधली. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, “मामा, त्या आषाढात तुम्ही बँकेत आला होता ना, त्याबद्दल एक बोलायचंय.” त्यांचे डोळे एकदम चकाकले. तेवढ्यात मुरबाडहून डॉक्टर आले. मामांनी माझ्याकडे बोट केलं आणि धापा टाकत, एकेक शब्द जुळवत, डॉक्टरांना पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. कुठेही चूक नाही. शेवटी दमून डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. डॉक्टर मला म्हणाले, “भाग्यवान आहात.” मग कसं बोलू? मामा चौथ्या दिवशी गेले.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गावी गेलो की अजूनही कोणीतरी म्हातारा पारावर मला नव्या माणसांपुढे उभा करतो आणि म्हणतो, “हे ते जावई. सासऱ्यासाठी बी नियम मोडला नाय.” मी हात जोडतो. दहा पावलं होती हो फक्त, त्या दारापर्यंत! माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नाही. माझं जे काही छापून येतं ते ती दुपारी चष्मा लावून, एकेक अक्षर लावत सावकाश वाचते. हेही वाचील. तिच्या बापासमोर माझी छाती झाली नाही, निदान ती हे वाचत असेल तेव्हा मी घराबाहेर जाणार नाही, तिच्या समोरच बसणार आहे.